आराखडाबाईंच्या नावावरची चूक

आराखडाबाई आलेला कागद परत पाठवत. कागद कोणाचा आहे हे त्या पाहत नसत. आमच्या मेंढपाळ संघाचे अध्यक्ष, बीडच्या लसभांडाराचे अधिकारी, गावोगावचे केंद्रचालक, सगळ्यांचे कागद त्यांनी परत पाठवले. संघाचा सचिव या नात्याने मी त्यांचा वरिष्ठ होतो, तरी माझा रजेचा अर्जसुद्धा त्यांनी माझ्याच टेबलावर परत आणून ठेवला होता. तो त्यांच्याकडे केवळ संगणकात नोंदवण्यासाठी गेला होता.

"साहेब, कधीपासून ते लिवलंय. कधीपर्यंत ते न्हाई."

"बाई, बहिणीच्या घरी लग्न आहे. उरकले की येईन."

"मग तसं लिवा. 'लग्न उरकेपर्यंत' ह्याला माझ्या आराखड्यात जागा न्हाई, पर करते जागा. मोकळं मात्र सोडू नका."

मी तारीख घातली.

संघाची स्मरणिका नुकतीच निघाली. तिच्यात बाईंविषयी एक परिच्छेद आहे. तो असा: 'संगणक विभागाच्या तत्कालीन प्रमुखांचा हेकटपणा व कामातील चूक यांमुळे तलवाडा मार्गावरील कळपांना लस अपुरी पोचली. त्यांनी चूक मान्य करून पद सोडले.' बाई मागच्या वर्षी आजाराने गेल्या, त्यामुळे याला उत्तर देण्यास त्या नाहीत. परिच्छेद लिहिणाऱ्यांपैकी दोघे त्या काळात संघाचे सभासदही नव्हते. मी सचिव होतो. माझे वय आता अठ्ठ्याहत्तर आहे, गुडघे गेले आहेत, स्मरण शाबूत आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी समोर येऊन बोलावे.

आराखडाबाई हे नाव कचेरीने त्यांना कुचेष्टेने दिले. चौसाळ्याला हमरस्त्यालगत, खतांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आमची कचेरी होती. बाई जिना चढू लागल्या की कोणीतरी म्हणे, "आला बरं का आराखडा!" बाईंना ते कळले तेव्हा त्यांनी आपल्या खोलीच्या दारावर खडूने मोठ्या अक्षरांत 'आराखडा' असे स्वतःच लिहिले. त्यानंतर कुचेष्टेतली मजा गेली आणि नाव राहिले.

त्या तलवाड्याच्या. वडिलांची मेंढरे होती. बीडला संगणकाचे शिक्षण झाले, पुण्यात नऊ-दहा वर्षे नोकरी झाली, मग त्या इकडे आल्या. पुण्यात टिकाव लागला नाही म्हणून आल्या, असे आमच्याकडे अजूनही सांगितले जाते. हे सांगणाऱ्यांनी त्यांना कधी विचारले नव्हते. मी विचारले होते. त्या म्हणाल्या, "साहेब, तिकडं एका कंपनीचा माल सात समुद्रापल्याड कोणत्या गोदामात, कोणत्या फळीवर हाय ते मला बसल्या जागी कळायचं. आन माझ्या बापाची मेंढरं आज कुठं उतरलेत ते कळायला चार फोन. लाज वाटली." पगार निम्म्याहून कमी होईल हे मी त्यांना नेमणुकीच्या वेळी सांगितले. "त्ये तुमी तिसऱ्यांदा सांगायलेत," एवढेच त्या म्हणाल्या.

इतकी वर्षे बाहेर राहूनही त्यांची बोली बदलली नव्हती. लसभांडाराच्या अभियंत्याशी फोनवर बोलताना त्या छापील मराठीत बोलत, अधूनमधून इंग्रजीतही, आणि फोन ठेवला की आमच्याकडे वळून, "लई शाना समजतो सोताला," असे म्हणून पुन्हा कामाला लागत. पांढरी झाक असलेली एक सुती साडी, पायांत पुरुषी चपला, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत संगणक नसे. वह्या असत.

त्यांचे काम काय होते हे सांगणे भाग आहे, कारण स्मरणिकेने ते 'संगणकीकरण' या एका शब्दात उरकले आहे. संगणक त्यांच्या आधीही होते. मेंढरांना लस टोचणाऱ्या आमच्या सहा केंद्रांवर सहा होते, आणि अडचण तीच होती. प्रत्येक केंद्राने आपापल्या ओळखीच्या माणसाकडून कार्यक्रम लिहून घेतलेला. तलवाड्याचा संगणक ज्याला 'कळप' म्हणे त्याला मांजरसुंब्याचा 'मालक' म्हणे, आणि बीडच्या लसभांडाराचा संगणक या दोघांपैकी कोणाचेच ऐकत नसे. मेंढपाळ मात्र केंद्रांच्या हद्दी पाहून चालत नाही. दिवाळीनंतर तो निघतो आणि चारा नेईल तिकडे जातो. त्यामुळे तलवाड्याला टोचलेली मेंढरे चौसाळ्याजवळ पुन्हा टोचली जात, आणि कुठेच न टोचलेली मेंढरे दोन्हीकडच्या दप्तरांमधून निसटून जात.

बाईंनी एक्सएमएल नावाची पद्धत आणली. माहितीच्या प्रत्येक तुकड्याच्या आधी एक खूण, नंतर तीच खूण बंद करणारी दुसरी, आणि आत काय आहे त्याचे नाव खुणेवरच लिहिलेले. कोणत्या खुणा असाव्यात, कोणत्या क्रमाने, कोणती कधीही वगळता येणार नाही, हे सांगणारा एक वेगळा मजकूर, तोच आराखडा. एका केंद्राने वेब सर्व्हिसच्या, म्हणजे संगणकाने संगणकाला विचारण्याच्या, खिडकीत आराखड्याप्रमाणे प्रश्न टाकावा की या मेंढपाळाच्या कळपाला शेवटची लस कधी टोचली, आणि दूरच्या, वेगळ्याच माणसाने बांधलेल्या संगणकाने त्याच आराखड्यात उत्तर द्यावे. आलेला निरोप आराखड्यात बसतो की नाही याची तपासणी दारातच होई. बसला नाही तर तो परत जाई, कितव्या ओळीत बिघाड आहे ते सांगणाऱ्या चिठ्ठीसह. कोणाचेही यंत्र बदलायचे नव्हते. यंत्रांची आपसांतली बोली तेवढी ठरवायची होती.

हे मला समजायला महिना लागला. मेंढपाळांना बाईंनी ते तलवाड्याच्या केंद्रासमोर, लिंबाखाली, चहा थंड होण्याच्या आत समजावले. मी तेथे होतो.

"हिरीवर चार कळप एक झाले तं आपलं मेंढरू कसं वळकता?"

"पाठीवरच्या रंगावरनं. त्यात काय?"

"मग आकड्याच्या पाठीवर बी रंग पाह्यजे का न्हाई? नुसता आकडा सोडला तं त्यो कुणाच्या बी कळपात घुसंल."

मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "आन रंग धुऊन गेला तं?"

"तं दारातनंच माघारी हाकलते त्याला."

"मालकाला बी हाकलशील का?"

"मालकाला चहा पाजते. आकड्याला हाकलते."

लोक हसले. विचारणारे गृहस्थ धुळाबा. त्यांचा कळप त्या मार्गावर सर्वांत मोठा होता, आणि त्या दिवसापासून ते बाईंना 'लेकी' म्हणू लागले.

'त्यांना ग्रामीण माणसाच्या अडचणी समजल्या नाहीत', असे मत संघाच्या एका संचालकांनी शोकसभेत मांडले. हे संचालक मेंढरांच्या वासाने नाकाला रुमाल लावतात, म्हणून मी त्यांच्या मताचा फारसा विचार करत नाही. बाईंनी आराखड्याची पहिली ओळ लिहिण्याआधी सहा केंद्रांवर मिळून जवळजवळ सबंध वर्ष घालवले. त्या केंद्राच्या पायरीवर बसत आणि लोक काय बोलतात ते वहीत उतरवून घेत. मेंढीला कोणत्या गावात काय म्हणतात, गाभण कधी म्हणतात, पिते कोकरू कळपात का धरत नाहीत. धुळाबांच्या घरी पित्या कोकरांची मोजदाद करत नसत. नजर लागते, अशी समजूत. बाईंनी ती समजूत खोडली नाही. आराखड्यात कोकरांसाठी वेगळी जागा केली आणि तिथे 'मोजले नाही' असे उत्तर देण्याची मुभा ठेवली. बीडच्या अभियंत्याने आक्षेप घेतला तेव्हा त्या फोनवर म्हणाल्या, "साहेब, शून्य लिहिले तर ते खोटे होईल. न मोजणे आणि नसणे या दोन गोष्टी आहेत."

आणि विसा. आमचे जुने मेंढपाळ मेंढरे विसांत मोजतात. शंभर म्हणजे पाच विसा, दोनशे ऐंशी म्हणजे चौदा विसा. तोंडी बोलताना तर पुष्कळदा 'विसा' हा शब्दही गाळतात. "किती हायती?" "चौदा." ऐकणाऱ्याला कळते, कारण चौदा मेंढरे घेऊन कोणी डोंगर चढत नाही. केंद्रावरचे चालक याच घरांतले. त्यांनाही कळत असे, आणि ते ऐकले तसे 'चौदा' लिहीत. शेजारचा चालक, शाळेत शिकल्याप्रमाणे, दोनशे ऐंशी लिही. अशा दोन आकड्यांची बेरीज करून बीडहून लस मागवली जात होती, आणि कमी का पडते याचा विचार दर वर्षी चालू होता. बाईंच्या आधी कित्येक वर्षे हे चालले होते. त्यांनी ते पहिल्या चार महिन्यांत शोधले.

पुढे अध्यक्ष म्हणाले की सगळ्यांना नगांतच मोजायला लावू, परिपत्रक काढू. बाई म्हणाल्या, "धुळाबांनी पन्नास वर्सं जसं मोजलं तसंच मोजावं. आपुन त्यांची रीत लिवून घेऊ." त्यांनी आकड्याच्या खुणेवर 'मोज' नावाची एक जोड सक्तीची केली. तिच्यात नग तरी लिहायचे, नाहीतर विसा. दोन्ही मान्य. काहीच न लिहिणे तेवढे अमान्य. विसा असेल तर त्याचे नग यंत्र करून घेई. या एका सक्तीचे नाव स्मरणिकेत हेकटपणा.

केंद्रचालक कुरकुरत, हे मी नाकारत नाही. तलवाड्याचा गोरख नावाचा चालक चाळिशीचा, बोलायला तिखट. त्याचे आणि बाईंचे फोनवरचे संभाषण कचेरीतल्या सर्वांना पाठ झाले होते.

"बाई, तुमचं यंत्र लई नखरे करायलंय. सकाळधरनं तीनदा माघारी आलं."

"कितव्या वळीवर म्हणतंय?"

"वळ कोण बघतंय? त्यो भांडारातला माणूस मुद्दाम अडवितो. मला ठाव हाय त्यो."

"माणसाचं नाव नका सांगू गोरखभाऊ. वळ सांगा."

"...सतरा."

"सतराव्या वळीत मोज लिवली का?"

पलीकडे खुर्ची करकरली.

"लिवा. आन चहा घ्या."

आठ वर्षांत त्यांनी कोणत्याही बिघाडासाठी माणसाकडे बोट दाखवल्याचे मी पाहिले नाही. त्यांच्या दृष्टीने बिघाडाला जागा असे, आणि ती जागा दाखवता आली की भांडण संपत असे. आमच्या जिल्ह्यात, जेथे भांडण सुरू करण्यासाठीच बिघाड शोधतात, ही रीत कोणालाही पटली नाही. त्या नसल्या की कचेरीत तिची नक्कल होई.

आता सहाही केंद्रे जोडल्याच्या उद्घाटनाविषयी. मांजरसुंब्याच्या फाट्यावर मोठा मांडव, मोठे पाहुणे, आणि मांडवात एक पडदा. सहा केंद्रांवरची मेंढरे पडद्यावर आपोआप येताना पाहुण्यांनी पाहायची, असा बेत. दोन दिवस आधी रंगीत तालीम झाली, तेव्हा पडद्यावर दोनच केंद्रे उमटली. उरलेल्या चार केंद्रांच्या चालकांनी मोज लिहिली नव्हती, आणि त्यांचे निरोप दारातून परत गेले होते. अध्यक्ष माझ्या खोलीत आले.

"सचिवसाहेब, पाव्हण्यांला काय रिकामा पडदा दावायचा का?"

मी म्हणालो, "बाई म्हणतात, चालकांनी आज बसून मोज लिहिली की उद्या सहाही केंद्रे येतील."

"बाई म्हणत्यात! संघ बाई चालवतेत का तुमी?"

या प्रश्नाने माझे डोके फिरले. मी तेव्हा सहासष्ट वर्षांचा होतो, माझ्या खुर्चीचा मला अभिमान होता, आणि कोणीतरी ती दुसऱ्याची आहे असे म्हणाले होते. मी कागद ओढला आणि हुकूम लिहिला: येणाऱ्या निरोपांची तपासणी बंद ठेवावी. सही केली. बाईंना बोलावले.

त्यांनी तो उभ्या उभ्या वाचला. "साहेब, ह्यानं काय व्हईल ते सांगू का? मोज न्हाई आली तं भांडाराचा संगणक नग धरून चालतो. चौदा विसाची चौदा व्हतील."

"दोन दिवसांचा प्रश्न आहे, बाई."

"मग कधीपर्यंत ते लिवा."

मला त्या रजेच्या अर्जाची आठवण झाली, आणि रागही आला. मी कागद परत घेऊन त्यावर 'पुढील आदेशापर्यंत' असे लिहिले. तारीख घातली नाही. त्यांनी माझ्यासमोर त्या हुकुमाच्या दोन प्रती काढल्या, एक फाइलला लावली, एक मला दिली, आणि आपल्या खोलीत जाऊन तपासणी बंद केली.

उद्घाटन थाटात झाले. सहाही केंद्रे पडद्यावर आली. आकडे झरझर उमटले, पाहुण्यांनी मान डोलावली, मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "पडद्यावर जिल्ह्यातली मेंढरं निम्मी झालेत साहेब, आन लोक टाळ्या वाजवायलेत." मी ऐकले. माझ्याही टाळ्या चालूच होत्या.

त्यानंतर तपासणी सुरू करण्याविषयी बाईंनी मला तीनदा विचारले. तिन्ही वेळा मी म्हणालो की पुढच्या बैठकीत विषय ठेवू. का, हे आज सांगतो. निरोप परत जाणे थांबल्यामुळे केंद्रचालक खूश होते, अध्यक्ष खूश होते, मी ठामपणे निर्णय घेतो असे दोघातिघांनी माझ्या तोंडावर म्हटले होते. मला ते आवडले होते.

आंत्रविषाराची लस पावसाळ्याच्या तोंडावर टोचतात. कोवळा चारा पोटात गेला की न टोचलेले मेंढरू संध्याकाळी धडधाकट दिसते आणि सकाळी उठत नाही. त्या वर्षी तलवाडा मार्गासाठी आलेल्या लशीत तीन कळप झाले आणि पेटी रिकामी झाली. धुळाबांचा कळप चौथा होता. पुढची पेटी आठवड्याने येईल असे त्यांना सांगितले गेले. तो आठवडा त्यांनी माळावर वाट पाहत काढला. माळ हिरवा झाला होता. तीन विसा मेंढरे गेली.

बाईंनी चौकशी समितीची वाट पाहिली नाही. त्यांनी केंद्रावरून गेलेले निरोप कागदावर काढले आणि तासाभरात माझ्या टेबलावर आणून ठेवले. धुळाबांच्या नावाचा निरोप वर होता. संख्या: चौदा. मोज: काही नाही. त्या ओळीखाली लाल पेन्सिलीची एक रेघ होती. त्या संध्याकाळी, मला किंवा अध्यक्षांना न विचारता, त्यांनी तपासणी पुन्हा सुरू केली. संघाच्या इतिवृत्तात ज्याला 'परस्पर घेतलेला निर्णय' म्हटले आहे तो हा. संघात आजवर घेतल्या गेलेल्या निर्णयांत तो सर्वांत शहाणा होता, असे माझे मत आहे आणि ते बदलणार नाही.

संचालक मंडळाची बैठक तिसऱ्या दिवशी झाली. अध्यक्ष म्हणाले, "प्रोग्रॅममधी चूक हुती, असं दिसतंय." कोणी प्रश्न विचारला नाही. हुकुमाची प्रत माझ्यासमोरच्या फाइलमध्ये होती. फाइलवर माझा हात होता. मी फाइल उघडली नाही. बाई माझ्याकडे पाहत आहेत असे मला वाटले. नंतर लक्षात आले की त्या खिडकीबाहेर, रस्त्याकडे पाहत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांचे पत्र आले. चार ओळींचे. 'तलवाडा मार्गावर लस अपुरी पोचली. चूक माझी आहे. मी कामातून मुक्त होत आहे. आराखड्याची सर्व कागदपत्रे कपाटात क्रमाने लावून ठेवली आहेत.'

त्या पुण्याला निघाल्या त्या दुपारी मी मांजरसुंब्याच्या थांब्यावर गेलो. ऊन होते. धाब्यांवर ट्रकवाल्यांची गर्दी होती. बाई एका बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"बाई, पत्र मागे घ्या," मी म्हणालो.

"कावून?"

"त्यातले खरे नाही."

"मग खरं काय ते सभेत बोलायचं हुतं साहेब. हितं, फाट्यावर, मला सांगून काय उपेग? मला ठाव हाय की."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला सोपे गेले असते. मी म्हणालो, "अजूनही बोलेन." त्या म्हणाल्या, "बोला. पर माझ्यासाठी म्हणून नका बोलू." मग गाडी आली. चढताना त्यांनी मला, गोरखच्या संगणकाचा पंखा आवाज करतो, तो बदलून घ्या, असे सांगितले. मी तो बदलून घेतला. बोललो मात्र नाही. वर्षभराने निवृत्त झालो, शाल आणि नारळ घेतला, माझ्या काळात संघाचे संगणकीकरण झाले असे भाषणांत ऐकले आणि मान खाली घालून ते घेतले.

बाई पुण्याहूनही मदत करत राहिल्या, हे स्मरणिकेला ठाऊक नाही. गोरख त्यांना फोन करी. नव्या लशी आल्या, आराखड्यात नव्या खुणा लागल्या, त्या बाईंनी घरी बसून लिहून दिल्या. आज सहाऐवजी अकरा केंद्रे त्यांच्याच आराखड्यावर बोलतात. जे संचालक त्यांना हेकट म्हणतात त्यांच्या टेबलावरचा आकडासुद्धा मोज लिहिल्याशिवाय पुढे सरकत नाही.

स्मरणिका हातात आली त्याच दिवशी मी हुकुमाची माझ्याजवळची प्रत घेऊन चौसाळ्याला गेलो. नवे अध्यक्ष तरणेबांड आहेत. त्यांनी प्रत पाहिलीच नाही. कपाटातून बाईंचे ते चार ओळींचे पत्र काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवले. "आबा, बाईंनी सोता लिवून दिलंय. आता तुमी कावून उकरायलेत? गेलेल्या माणसाचं खोटं पाडता का?"

या प्रश्नाने मी काही दिवस अस्वस्थ होतो. बाई खोटे लिहिणाऱ्या नव्हत्या, हे या जिल्ह्यात माझ्याइतके कोणाला माहीत नाही. मग मी धुळाबांकडे गेलो. आता ते स्वतः कळपामागे जात नाहीत, मुलगा जातो. ते दाराशी बाजेवर बसले होते. मी म्हणालो, बाईंविषयी बोलायचे आहे.

"आल्ती ना ती," धुळाबा म्हणाले. "पुण्याला जायच्या आदल्या दिशी. रानात, मेंढरांच्या वाडग्यापाशी आल्ती. मेंढरं पुरल्याली जागा बघितली. मंग म्हणली, अण्णा, ती तपासणी बंद करायची कळ माझ्या बोटाखाली हुती. मला समदं कळत हुतं. तरी म्या दाबली. हुकूम कुणाचा का आसंना, बोट माझं. म्हणून चूक माझी."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"म्या म्हणलं, आता संघात मेंढरं सांगतच न्हाई. तं मला लई बोलली. म्हणली, सांगायचं सोडलंत तं लस येनारच न्हाई. माझ्यावर राग धरा, आकडा सांगायचं सोडू नका. तवापासनं सांगतो मी."

म्हणजे पत्र त्यांनी अध्यक्षांना वाचवण्यासाठी लिहिले नव्हते, मला वाचवण्यासाठी तर नाहीच. त्यांना ते खरेच वाटत होते. आठ वर्षे मी त्यांच्या कामात चूक शोधली आणि मला ती सापडली नाही. या पत्रात सापडली आहे. ज्याच्या हाती अधिकार असतो, ज्याला आधी सावध केलेले असते, आणि जो तरीही सही करतो, त्याची जबाबदारी कळ दाबणाऱ्याच्या बोटावर सरकवता येत नाही. त्या बोटाने ती आपण होऊन घेतली तरी नाही. संचालकांची, अध्यक्षांची, स्मरणिकेची हकिगत मला अमान्य आहेच. या एका बाबतीत खुद्द बाईंचीही अमान्य आहे, आणि त्या असत्या तर हे मी त्यांच्या तोंडावर सांगितले असते. त्यांनी वाद घातला असता. मी हरलो नसतो.

मी खिशातून हुकूम काढला आणि धुळाबांना वाचून दाखवला. सही कोणाची तेही सांगितले. त्यांनी हातातली काठी बाजेला टेकवली.

"तवा कावून न्हाई बोलला?"

मी हुकुमाची घडी घालून तो खिशात ठेवला.

"मला सांगून भागत न्हाई," ते म्हणाले. "सभेत वाचा. मी येतो. म्होरं बसतो. मोठ्यानं वाचा, मला कमी ऐकू येतं."

वार्षिक सभा पुढच्या महिन्यात आहे. विषयपत्रिकेत जागा नाही, असे अध्यक्षांनी मला लेखी कळवले आहे. मी उभा राहून वाचेन. खाली बसवायला माणसे लागतील. स्मरणिकेतला परिच्छेद काढून टाकावा अशी माझी मागणी नाही. लस अपुरी पोचली हे खरे आहे, तीन विसा मेंढरे मेली हे खरे आहे, चूक झाली हेही खरे आहे. परिच्छेद ठेवा. त्यातले माणूस तेवढे बदला. माझे पूर्ण नाव संघाच्या दप्तरात आहे.